व्यक्तिछायाचित्रातील त्वचेचे संगणकीय संस्करण : डाग आणि खूण यांतील भेद

सारांश : व्यक्तिछायाचित्रातील त्वचेवर संगणकाच्या साहाय्याने केले जाणारे 'रिटचिंग' ही आज स्टुडिओतील नित्याची प्रक्रिया झाली आहे. या प्रक्रियेची चर्चा बहुधा 'खरे की खोटे' एवढ्याच अंगाने होते. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचा तंत्रेतिहास, तिची परिभाषा आणि तिच्यामागील वर्णविषयक गृहीतके यांची चिकित्सा करून, त्वचेवरील 'डाग' आणि 'खूण' यांतील भेद हा छायाचित्र-समीक्षेचा एक निकष म्हणून मांडला आहे.

बीजसंज्ञा : व्यक्तिछायाचित्र, रिटचिंग, फोटोशॉप, त्वचा, वण, गोंदण, वर्णभेद.

१. प्रस्तावना

विवाहासाठी स्थळाकडे पाठवायचा फोटो असो, लग्नाचा अल्बम असो किंवा दिवंगत आजीच्या जुन्या फोटोवरून करून घेतलेली मोठी प्रतिमा असो, 'जरा टचिंग करून द्या' ही सूचना आता स्टुडिओत वेगळी द्यावी लागत नाही. ती गृहीत धरलेली असते. चेहऱ्यावरील मुरूम, वांग, सुरकुत्या, डोळ्यांखालील काळी वर्तुळे आणि त्यांच्यासोबत त्वचेचा मूळ रंगही संगणकावर काही मिनिटांत बदलतो. छायाचित्रातील व्यक्ती ओळखू येते. परंतु तिची त्वचा तिची राहत नाही.

आपल्याकडील कलासमीक्षेने छायाचित्रातील रचना, प्रकाश, विषय आणि आशय यांचा विचार केला. स्टुडिओतील सामान्य व्यक्तिछायाचित्र मात्र तिने बहुधा धंद्याची बाब म्हणून बाजूला ठेवले. वस्तुतः बहुसंख्य माणसांची जी प्रतिमा त्यांच्या पश्चात उरते, ती याच छायाचित्रांची असते. ज्या घरात लिखित कागद नाहीत, चरित्र नाही, पत्रव्यवहार नाही, त्या घरातील भिंतीवरचा फोटो हाच पूर्वजांविषयीचा एकमेव दृश्य पुरावा असतो. त्यामुळे त्या फोटोत काय ठेवले गेले आणि काय पुसले गेले, हा प्रश्न केवळ सौंदर्यदृष्टीचा राहत नाही. तो स्मृतीचा आणि सामाजिक इतिहासाचाही ठरतो.

२. लेखाची उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

(अ) त्वचेच्या रिटचिंगची तांत्रिक पार्श्वभूमी समजून घेणे.
(आ) संगणकीय साधनांच्या परिभाषेतील गृहीतकांची चिकित्सा करणे.
(इ) रिटचिंग आणि वर्णविषयक पूर्वग्रह यांचा संबंध तपासणे.
(ई) अशा छायाचित्रांच्या मूल्यमापनासाठी एक व्यवहार्य निकष सुचविणे.

३. निगेटिव्हवरील पेन्सिल : पूर्वेतिहास

रिटचिंग ही संगणकाची निर्मिती आहे, असा समज सार्वत्रिक आहे. तो इतिहासाला धरून नाही. १८५५ साली पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात म्युनिकचे छायाचित्रकार फ्रान्झ हान्फश्टेंगल यांनी रिटच केलेल्या निगेटिव्हचे छायाचित्र मांडले, असा उल्लेख छायाचित्रणाच्या इतिहासात केला जातो. त्याच सुमारास, म्हणजे १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली होती. पुढील काही दशकांत भारतातील स्टुडिओंमध्ये छायाचित्रावर जलरंग व तैलरंग चढविण्याची स्वतंत्र परंपरा रुजली. छायाचित्रकार आणि चित्रकार एकाच प्रतिमेवर काम करीत आणि ग्राहकाला त्यात काही वावगे वाटत नसे.

या काळातील रिटचिंगला एक तांत्रिक कारणही होते. आरंभीच्या प्लेट्स प्रामुख्याने निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. तांबड्या व पिवळ्या छटा त्यांना जवळजवळ दिसत नसत. परिणामी तांबूस पुटकुळी, वांग किंवा त्वचेवरील फिकट तपकिरी ठिपके प्रत्यक्षात असत त्यापेक्षा पुष्कळ गडद उमटत. सावळी त्वचा तर मूळापेक्षा अधिकच काळी दिसे. १९०६ पासून सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेट्स बाजारात येऊ लागल्या. त्यापूर्वीचे रिटचिंग हे बऱ्याच अंशी तंत्राने केलेल्या चुकीची दुरुस्ती होते, असे म्हणता येते. डोळ्याला जे दिसत होते ते प्लेटने बिघडविले आणि रिटचरने ते पुन्हा डोळ्याच्या जवळ आणले.

मात्र ज्या साधनाने ही दुरुस्ती होई, त्याचा कल लक्षात घेण्यासारखा आहे. उतरत्या मेजावर दुधी काच बसविलेली असे, खालून आरशाने प्रकाश घेतला जाई. निगेटिव्हवर पेन्सिल धरावी म्हणून एक पातळ चिकट लेप दिला जाई आणि टोकदार शिशाने बारीक ठिपके व रेघा भरल्या जात. निगेटिव्हमध्ये उजेड-अंधार उलटे असतात. सुरकुतीची काळी रेघ तेथे पारदर्शक दिसते; तिच्यात शिसे भरले की छापील प्रतीत ती उजळते. म्हणजेच निगेटिव्हवरील पेन्सिल त्वचेला फक्त उजळ करू शकत होती. गडद करावयाचे झाल्यास धारदार पात्याने निगेटिव्ह खरवडावी लागे. ते काम अधिक जोखमीचे होते, कारण एकदा खरवडलेला भाग पूर्ववत होत नसे. उजळपणाकडे जाणारी वाट सोपी आणि उलट दिशेची वाट अवघड, ही विषमता साधनातच होती. पुढे प्लेटची चूक दुरुस्त झाली, तरी उजळविण्याची सवय मात्र उरली. कारण संपले आणि प्रघात राहिला, हा या इतिहासाचा महत्त्वाचा धडा आहे.

४. 'हीलिंग' या रूपकाची चिकित्सा

थॉमस आणि जॉन नोल या बंधूंनी विकसित केलेले फोटोशॉप हे सॉफ्टवेअर ॲडोबी कंपनीने १९९० साली बाजारात आणले. त्यातील 'क्लोन स्टॅम्प' हे साधन एका जागेचा तुकडा जसाच्या तसा दुसऱ्या जागी उमटवीत असे. त्वचेसाठी ते अपुरे होते, कारण गालाचा तुकडा कपाळावर ठेवला की ठिगळ दिसे. २००२ साली आलेल्या सातव्या आवृत्तीतील 'हीलिंग ब्रश'ने ही अडचण दूर केली. हा ब्रश निवडलेल्या निरोगी जागेचा पोत घेतो आणि तो डागाच्या जागेच्या रंगात व उजळपणात मिसळतो. ठिगळ दिसत नाही. २००५ सालच्या आवृत्तीत 'स्पॉट हीलिंग ब्रश' आला. त्यात निरोगी जागा निवडण्याचे कामही सॉफ्टवेअरच करू लागले. २०२० साली आलेल्या 'न्यूरल फिल्टर्स'मध्ये त्वचा गुळगुळीत करण्याची सोय आहे. तेथे डाग कोठे आहे हे दाखविण्याचीही गरज नाही. चेहरा ओळखून संपूर्ण त्वचेवर प्रक्रिया होते.

या क्रमाकडे पाहिले असता निर्णयाची जागा कशी सरकत गेली हे स्पष्ट होते. पेन्सिलीने काम करणाऱ्या रिटचरला प्रत्येक ठिपक्यापाशी जावे लागे. 'हा ठेवू की घालवू' असे प्रत्येक वेळी ठरवावे लागे. हीलिंग ब्रशच्या काळात डाग माणूस निवडे आणि उपाय सॉफ्टवेअर करी. आता निवड आणि उपाय ही दोन्ही कामे सॉफ्टवेअरकडे गेली आहेत. त्वचेवरील काय पुसावे हा निर्णय कोणीच घेतलेला नसतो, तरीही तो अमलात आलेला असतो.

'हीलिंग' हा शब्दही तपासून पाहावयास हवा. हीलिंग म्हणजे बरे करणे, जखम भरून काढणे. या रूपकात त्वचा हा रुग्ण आहे आणि तिच्यावरील प्रत्येक वेगळेपण हा रोग आहे. प्रत्यक्ष शरीरात मात्र जखम भरून आल्यावर वण राहतो. वण ही शरीराने स्वतःला बरे केल्याची खूण असते. सॉफ्टवेअर नेमकी तीच खूण 'आजार' समजून पुसते. शरीराच्या भाषेत जे बरे होण्याचे प्रमाण आहे, ते साधनाच्या भाषेत व्यंग ठरते. परिभाषेने घडविलेला हा उलटा अर्थ वापरणाऱ्याच्या ध्यानीही येत नाही.

येथे एक गोष्ट न्यायाने नोंदविली पाहिजे. सर्वच संगणकीय रिटचिंग सरसकट नसते. त्वचेचा पोत आणि तिच्यावरील छायाप्रकाश वेगवेगळ्या थरांवर घेऊन काम करण्याची 'फ्रिक्वेन्सी सेपरेशन' ही पद्धत, किंवा बारीक ब्रशने एकेक जागा उजळ-गडद करण्याची 'डॉज ॲण्ड बर्न' ही पद्धत, कुशल हातांत त्वचेची रंध्रे आणि घडण शाबूत ठेवते. परंतु लग्नाच्या अल्बमसाठी शेकडो फोटो ठरावीक मुदतीत द्यावयाचे असताना एवढा वेळ कोणाकडे नसतो. तेथे एका कळीने सर्व चेहऱ्यांवर सारखाच लेप चढविणारी साधनेच वापरली जातात. वधूची त्वचा, तिच्या आईची त्वचा आणि सत्तरीतल्या आत्याची त्वचा एकाच वयाची दिसू लागते.

५. डाग आणि खूण

मराठी भाषा त्वचेवरील गोष्टींना वेगवेगळी नावे देते. पुटकुळी, मुरूम, तीळ, चामखीळ, लासे, वांग, सुरकुती, वण, गोंदण हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. त्यांतील काही गोष्टी आठ-पंधरा दिवसांत नाहीशा होतात, काही वयाबरोबर येतात, काही जन्मतः असतात आणि काही माणसाने स्वेच्छेने वा रूढीने अंगावर घेतलेल्या असतात. सॉफ्टवेअरला हा भेद कळत नाही. आजूबाजूच्या पृष्ठभागाहून वेगळे ते सर्व त्याच्या लेखी सारखेच असते.

व्यावसायिक रिटचरांमध्ये एक जुना संकेत आहे : जे दोन आठवड्यांत आपोआप जाईल ते काढावे, जे राहील ते ठेवावे. हा संकेत वरवर किरकोळ वाटला तरी त्यामागे विचार आहे. फोटो काढण्याच्या दिवशी उठलेला मुरूम हा त्या दिवसाचा अपघात असतो. तो त्या व्यक्तीचा भाग नसतो. तीळ, वण आणि सुरकुती हे मात्र तिच्या ओळखीचे घटक असतात. पहिल्यास 'डाग' म्हणता येईल, दुसऱ्यास 'खूण' म्हटले पाहिजे.

खुणेचे महत्त्व दोन उदाहरणांनी स्पष्ट होईल. पहिले उदाहरण देवीच्या वणांचे. भारतातील देवीचा अखेरचा स्थानिक रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला आणि १९७७ साली देश देवीमुक्त घोषित झाला. त्यापूर्वी जन्मलेल्या अनेकांच्या चेहऱ्यावर त्या साथींची नोंद आहे. ती पिढी आता मागे सरत आहे. त्यांच्या छायाचित्रांतील वण पुसले की एका रोगाच्या इतिहासाचा घरोघरी असलेला पुरावा पुसला जातो.

हे वण पाहणाऱ्याला विद्रूप वाटतातच असेही नाही. ओम पुरी यांचा देवीच्या वणांनी भरलेला चेहरा याची साक्ष देतो. विजय तेंडुलकर यांनी लिहिलेल्या आणि गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केलेल्या 'आक्रोश' (१९८०) या चित्रपटात ओम पुरींचा लहान्या भिकू जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर बोलत नाही. संवाद नसलेल्या या भूमिकेचा भार चेहऱ्यावर आणि डोळ्यांवर पडला आहे. छायाचित्रणही निहलानी यांचेच होते आणि त्यांच्या कॅमेऱ्याने ती खडबडीत त्वचा झाकण्याचा प्रयत्न केलेला नाही. श्री. दा. पानवलकर यांच्या 'सूर्य' या कथेवर आधारलेल्या 'अर्धसत्य' (१९८३) मधील अनंत वेलणकरही याच चेहऱ्याने प्रेक्षकांच्या स्मरणात राहिला. ही त्वचा गुळगुळीत केली असती तर चेहरा देखणा झाला असता की नाही हे सांगता येत नाही; परंतु त्या भूमिकांतील ताण निश्चितच उणावला असता.

दुसरे उदाहरण गोंदणाचे. महाराष्ट्रातील ग्रामीण व आदिवासी स्त्रियांच्या कपाळावर, हनुवटीवर आणि हातांवर गोंदण असे. त्यातून जमात, प्रदेश, सौभाग्य, श्रद्धा यांची ओळख मिळे. जुना, फिकट झालेला फोटो नवीन करून देताना कपाळावरचे किंवा हनुवटीवरचे हिरवट ठिपके 'कागदावरील डाग' समजून काढले जाण्याचा धोका मोठा असतो. फोटो दुरुस्त करणाऱ्याने ती स्त्री पाहिलेली नसते. पुसट प्रतिमेत कागदाचा डाग कोणता आणि देहावरची खूण कोणती, हे घरच्यांना विचारल्याशिवाय ठरविता येत नाही. न विचारता केलेली दुरुस्ती नातवंडांपुढे जी आजी ठेवते, तिच्या हनुवटीवर गोंदण कधी होते हे त्यांना कळण्याचा मार्गच उरत नाही.

६. वर्णाचा प्रश्न

त्वचेच्या रिटचिंगमध्ये डाग काढणे आणि रंग उजळणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. आपल्याकडील स्टुडिओच्या व्यवहारात त्या एकच मानल्या जातात. 'फोटो स्वच्छ करा' या सूचनेत 'गोरा करा' ही सूचना न बोलता सामावलेली असते. याचे कारण केवळ स्टुडिओत शोधून चालणार नाही. विवाहाच्या जाहिरातींतील 'गोरी', 'निमगोरी', 'गव्हाळ' ही प्रतवारी मराठी वाचकाला सुपरिचित आहे. दुसरीकडे 'सावळा' हा शब्द याच समाजाने विठ्ठलाच्या रूपासाठी शतकानुशतके प्रेमाने वापरला आहे. देवाच्या बाबतीत जे लावण्य, ते लेकीच्या बाबतीत न्यून, हा अंतर्विरोध स्टुडिओतील संगणकाच्या पडद्यावर रोज सोडविला जातो आणि तो नेहमी एकाच बाजूने सोडविला जातो.

तंत्रही येथे तटस्थ नसते. कोडॅक कंपनीच्या रंगीत छपाईचा मेळ साधण्यासाठी प्रयोगशाळांना जे संदर्भपत्र दिले जाई, त्यावर दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचेच छायाचित्र असे. ही पत्रे 'शर्ली कार्ड' या नावाने ओळखली जात. कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात या प्रथेची सविस्तर चिकित्सा केली आहे. एका वर्णाच्या त्वचेला प्रमाण मानून जुळविलेल्या रंगव्यवस्थेत इतर त्वचा 'चुकीच्या' दिसणे क्रमप्राप्तच होते.

रंगातील बदल हा निवाडा असतो, हे उलट दिशेच्या एका घटनेने जगाला दिसले. खुनाच्या आरोपावरून अटक झालेले अमेरिकी खेळाडू ओ. जे. सिम्पसन यांचे पोलिसांनी काढलेले छायाचित्र 'टाइम' साप्ताहिकाने २७ जून १९९४ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर त्वचा अधिक गडद करून छापले. 'न्यूजवीक'ने तेच छायाचित्र तसा बदल न करता छापले. दोन्ही अंक शेजारी ठेवल्यावर वाचकांना फरक कळला आणि तीव्र टीका झाली. येथे गडद रंगाने संशय सुचविला गेला. स्थळाच्या फोटोत उजळ रंगाने पात्रता सुचविली जाते. दिशा भिन्न असल्या तरी दोन्हींच्या मुळाशी असलेली वर्णाची उतरंड एकच आहे.

भारतात या उतरंडीला अलीकडे काही आव्हाने मिळाली आहेत. चेन्नई येथील 'वुमेन ऑफ वर्थ' या संस्थेने २००९ साली 'डार्क इज ब्यूटिफुल' ही मोहीम सुरू केली. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाने २०१४ साली त्वचा उजळविणाऱ्या उत्पादनांच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. २०२० साली 'फेअर ॲण्ड लव्हली' या १९७५ पासूनच्या क्रीमचे नाव 'ग्लो ॲण्ड लव्हली' झाले आणि त्याच वर्षी एका विवाहविषयक संकेतस्थळाने त्वचेच्या रंगावरून स्थळे गाळण्याची सोय काढून टाकली. ही पावले स्वागतार्ह आहेत. मात्र गाळणी काढली तरी ज्या फोटोंवर नजर ठरते ते फोटो आधीच उजळलेले असतील, तर पूर्वग्रह फक्त एक पायरी मागे जातो. पूर्वी तो निवडणाऱ्याच्या हाती होता, आता तो निवडल्या जाणाऱ्याच्या फोटोत शिरलेला असतो.

७. नियमन आणि त्याच्या मर्यादा

जुलै २०११ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने ज्युलिया रॉबर्ट्स व ख्रिस्टी टर्लिंग्टन यांची छायाचित्रे असलेल्या, एकाच कंपनीच्या दोन प्रसाधनांच्या जाहिराती थांबविल्या. रिटचिंगमुळे उत्पादनाच्या परिणामाची अतिशयोक्ती झाली नाही, हे कंपनीला दाखविता आले नव्हते. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातीतील मॉडेलची शरीरयष्टी बारीक वा जाड केली असल्यास छायाचित्रावर तशी सूचना देणे बंधनकारक झाले. या नियमाच्या कक्षेत त्वचा येत नाही. नॉर्वेमध्ये १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीत शरीराचा आकार आणि आकारमान यांबरोबर त्वचेचाही स्पष्ट समावेश आहे. त्वचेतील बदल हाही सांगण्याजोगा बदल आहे, ही जाणीव कायद्यात उशिरा का होईना, आली.

हे सर्व नियम जाहिरातींपुरते आहेत. घरातील भिंतीवरचा फोटो, लग्नाचा अल्बम आणि स्थळाचा फोटो यांना कोणताही कायदा लागू होणार नाही आणि तो व्हावा असेही म्हणता येत नाही. तेथे समीक्षेचे आणि शिक्षणाचे काम सुरू होते.

८. संभाव्य आक्षेप

या भूमिकेवर एक गंभीर आक्षेप संभवतो. स्वतःचा चेहरा कसा दिसावा हे ठरविण्याचा अधिकार त्या व्यक्तीचाच नाही काय? कोड असलेल्या तरुणीने, भाजल्याचे व्रण असलेल्या माणसाने किंवा मुरुमांमुळे संकोचलेल्या विद्यार्थ्याने फोटोत ते दिसू नयेत असे म्हटले, तर त्याला प्रामाणिकपणाचा उपदेश करणे हा निर्दयपणा ठरेल. ज्या समाजात कोडामुळे लग्ने मोडतात, तेथे खूण झाकण्याचा दोष खूण झाकणाऱ्यावर ठेवता येत नाही.

हा आक्षेप मान्य केलाच पाहिजे. परंतु तो मान्य केल्याने मूळ मुद्दा दुबळा होत नाही, उलट बळकट होतो. कारण अधिकार जर व्यक्तीचा असेल, तर तिला विचारले गेले पाहिजे. आजच्या व्यवहारात नेमके हेच होत नाही. मुलीचा फोटो उजळ करण्याची सूचना अनेकदा घरचे देतात आणि पुष्कळदा कोणीच देत नाही. सॉफ्टवेअरची ठरलेली मांडणीच ते काम करते. त्या मुलीला आपला फोटो पाहताना प्रथमच कळते की, तिचा रंग ही दुरुस्त करण्याची बाब होती.

९. निष्कर्ष

(१) त्वचेचे रिटचिंग आरंभी बऱ्याच अंशी तंत्राच्या त्रुटीची दुरुस्ती होते. ती त्रुटी दूर झाल्यावरही उजळविण्याचा प्रघात टिकून राहिला.

(२) संगणकीय साधनांच्या विकासाबरोबर 'काय पुसावे' हा निर्णय माणसाकडून सॉफ्टवेअरकडे सरकला. 'हीलिंग'सारख्या परिभाषेने हे सरकणे नैसर्गिक भासविले.

(३) 'डाग' आणि 'खूण' हा भेद समीक्षेसाठी आणि व्यवहारासाठीही उपयुक्त निकष आहे. तात्पुरते ते काढता येईल. कायमचे ते व्यक्तीला विचारल्याशिवाय काढू नये. त्वचेचा वर्ण ही खूण आहे, डाग नव्हे.

(४) दिवंगत व्यक्तीला विचारता येत नाही. म्हणून जुन्या फोटोच्या बाबतीत मूळ प्रत जपणे, बदल स्वतंत्र थरावर करणे आणि मूळ व बदललेली अशा दोन्ही प्रती घरच्यांच्या हाती देणे हे किमान कर्तव्य मानावे.

महाविद्यालयांतील छायाचित्रण, दृश्यकला आणि पत्रकारितेच्या अभ्यासक्रमांत रिटचिंगची साधने शिकविली जातात. साधन कसे चालवावे याबरोबरच ते कोठे थांबवावे हेही शिकविले गेले, तर स्टुडिओच्या संगणकापुढे बसलेला विद्यार्थी समोरच्या चेहऱ्यावरील ठिपका पुसण्यापूर्वी क्षणभर थांबून विचारील की, हा डाग आहे की खूण. तसे झाल्यास भिंतीवरच्या आजीच्या हनुवटीवरील गोंदण पुढच्या पिढीपर्यंत पोहोचू शकेल.